हुकलेल्या शॉटला रकानाच नाही

जिल्हा पातळीवरच्या शालेय बास्केटबॉल स्पर्धेत ‘उत्कृष्ट खेळाडू’ कोण, हे ठरवायला संयोजकांना फार वेळ लागत नाही. अंतिम सामना संपला की टेबलावरची स्कोअरशीट मागवली जाते, कोणाच्या क्रमांकावर सर्वांत जास्त गुण जमले आहेत ते भराभर मोजले जाते आणि पाहुण्यांची भाषणे संपायच्या आत नाव पुकारलेही जाते. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि हौसेपोटी जळगाव, अमळनेर, धुळे या पट्ट्यातल्या सामन्यांना गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो, त्यामुळे ही मोजणी बहुतेक वेळा माझ्याच हातून होते. मोजणीत चूक नसते. पण जो आकडा मी संयोजकांच्या हाती ठेवतो त्यावरून खेळाडूच्या नेमबाजीबद्दल फारच थोडे कळते, आणि असे का होते ते येथे जरा सविस्तर मांडायचे आहे.

पहिले कारण खुद्द स्कोअरशीटमध्येच आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, अधिकृत स्कोअरशीटवर चालत्या गुणांचे १ ते १६० असे आकडे उभ्या स्तंभांत छापलेले असतात. बास्केट झाली की गुणलेखक त्या आकड्यावर तिरकी रेघ मारतो आणि शेजारच्या चौकोनात बास्केट करणाऱ्याचा क्रमांक लिहितो. तीन गुणांची बास्केट असेल तर त्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढतो. फ्री थ्रो, म्हणजे फाउलच्या बदल्यात मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट, आत गेला तर तिरक्या रेघेऐवजी भरीव ठिपका देतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळा किंवा काळा. फाउल झाला तर तो करणाऱ्याच्या चौकोनात ‘पी’ आणि त्याच्या पायथ्याशी दिलेल्या फ्री थ्रोंची संख्या. इतकी सगळी काळजी घेणाऱ्या या कागदावर हुकलेल्या शॉटसाठी मात्र कोठेही जागा नाही. एखाद्या मुलाने तीस वेळा रिंगकडे चेंडू भिरकावला आणि त्यातले दहा आत गेले, किंवा बारा वेळाच भिरकावला आणि दहा आत गेले, तरी स्कोअरशीटवर दोघेही सारखेच दिसतात. फ्री थ्रोचे तर आणखी विचित्र आहे. किती दिले गेले ते कळते, पण ती नोंद फाउल करणाऱ्याच्या नावापुढे असते. हुकलेला फ्री थ्रो नेमका कोणाचा, हे कागदावरून खात्रीने सांगता येत नाही.

आमच्याकडे कोणी ‘यंदा चाळीस क्विंटल कापूस निघाला’ असे सांगितले तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘किती एकरात?’ नुसत्या क्विंटलवरून शेतीची पारख होत नाही, एकरी उतारा पाहावा लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बास्केटबॉलच्या मैदानावर मात्र तीच माणसे बिनदिक्कत क्विंटल मोजून मोकळी होतात. नेमबाजीची कार्यक्षमता मोजणे म्हणजे या उताऱ्याचा हिशेब मांडणे. अंश तर सगळ्यांना दिसतो, खरी अडचण छेदात काय धरायचे याची आहे, आणि या विषयात गेल्या काही दशकांत जी काही सुधारणा झाली ती मुख्यतः छेदाचीच झाली, असे माझे मत आहे.

सर्वांत जुने माप फील्ड गोलच्या, म्हणजे चालू खेळात केलेल्या बास्केटच्या, टक्केवारीचे. आत गेलेल्या शॉटना मारलेल्या शॉटने भागायचे आणि शंभराने गुणायचे. फ्री थ्रो यात धरत नाहीत. हे माप १९७९ पर्यंत अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये बऱ्यापैकी चालून जात होते, कारण तोपर्यंत तेथे प्रत्येक फील्ड गोल दोनच गुणांचा होता. १९७९-८० च्या हंगामात एनबीएने तीन गुणांची रेषा आखली, फिबाने १९८४ मध्ये ती स्वीकारली, आणि त्या दिवसापासून दोन वेगवेगळ्या किमतीच्या बास्केट एकाच टोपलीत मोजल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला याने फारसे बिघडले नाही. त्या पहिल्या हंगामात एनबीएचा एक संघ एका सामन्यात सरासरी तीनपेक्षाही कमी थ्री पॉइंटर मारत असे. २०१८-१९ पर्यंत तोच आकडा ३२ वर गेला होता.

दोष दुरुस्त करण्याचा उपाय सोपा आहे. थ्री पॉइंटरची किंमत दोन गुणांच्या बास्केटच्या दीडपट, म्हणून आत गेलेला प्रत्येक थ्री पॉइंटर दीड बास्केट धरायचा. एकूण बास्केटमध्ये थ्री पॉइंटरच्या संख्येची निमपट मिळवायची आणि मारलेल्या शॉटने भागायचे. याला इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी म्हणतात. यातून लगेच निघणारा हिशेब असा की लांबून ३५ टक्के शॉट आत टाकणारा आणि जवळून ५२.५ टक्के टाकणारा, दोघेही दर शॉटमागे सारखेच म्हणजे १.०५ गुण मिळवतात. फ्री थ्रो रेषेच्या आसपासच्या किंवा त्याच्या थोड्या मागच्या ज्या जागेवरून शॉट मारायला आपल्याकडच्या मुलांना फार आवडते, तेथून एनबीएचे खेळाडूसुद्धा साधारण ४० टक्केच टाकतात, म्हणजे दर शॉटमागे ०.८ गुण. ती जागा तेथील संघांनी हळूहळू का सोडून दिली, याचे उत्तर या तीन आकड्यांत जवळजवळ पूर्ण आले.

तरीही फ्री थ्रो बाहेरच राहतात, आणि येथे गणित खरे रंगते. नियम असा की शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो शॉट मारला असे धरलेच जात नाही. खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळतात आणि त्याच्या फील्ड गोलच्या छेदात काहीही वाढत नाही. म्हणजे जो खेळाडू बेधडक आत घुसून फाउल ओढून काढतो त्याची सगळी मेहनत फील्ड गोल टक्केवारीच्या बाहेर पडते. ट्रू शूटिंग टक्केवारी हे माप त्यासाठी आहे. त्यात अंशस्थानी सगळे गुण येतात, तीनचे, दोनचे, एकचे, सगळे. छेदात मारलेले शॉट अधिक मारलेल्या फ्री थ्रोंच्या ०.४४ पट, आणि या बेरजेची दुप्पट.

या ०.४४ वर विद्यार्थी हमखास अडतात. दोन फ्री थ्रो मिळून एक संधी होते, तर ०.५ का नको, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. सगळेच फ्री थ्रो जोडीने आले असते तर ०.५ हेच उत्तर होते. पण फाउल होऊनही चेंडू आत गेला तर बास्केट धरली जाते आणि वर एकच फ्री थ्रो मिळतो. त्या संधीचा हिशेब शॉटमध्ये आधीच लागलेला असल्याने या फ्री थ्रोला छेदात शून्य किंमत हवी. टेक्निकल फाउलच्या, म्हणजे गैरवर्तनासारख्या चुकीबद्दलच्या, फ्री थ्रोसाठी संघाला आपली चढाई खर्च करावी लागत नाही, म्हणून त्यालाही शून्य. उलट थ्री पॉइंटर मारताना फाउल झाला तर एका संधीत तीन फ्री थ्रो येतात, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. या साऱ्यांची एनबीएमधली सरासरी ०.४४ च्या जवळ येते. हा निसर्गाचा स्थिरांक नव्हे. जुन्या सामन्यांच्या तक्त्यांत फ्री थ्रोंची नुसती संख्या असे, ते कोणत्या प्रसंगी मिळाले ते लिहिलेले नसे, म्हणून अभ्यासकांना अंदाजाने एक गुणक लावावा लागला. आपण हाताने नोंद करतो तेव्हा या उसन्या गुणकाची गरजच नाही. खेळाडू फ्री थ्रोसाठी रेषेवर गेला की ती नवी संधी आहे की आधीच्या बास्केटची शेपूट, एवढे एका खुणेने लिहून ठेवले की छेद अचूक मिळतो. वहीचा हा फायदा संगणकाच्या जुन्या तक्त्यांनाही नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेतो, पण टेबलावर बसणाऱ्याला ते फारसे काल्पनिक वाटणार नाही. समजा सात नंबरने २४ शॉट मारले, सगळे दोन गुणांचे, त्यातले १० आत गेले आणि फ्री थ्रो त्याला मिळालाच नाही. त्याचे गुण २०. अकरा नंबरने १० शॉट मारले, त्यातले ४ आत, त्या चारांपैकी ३ थ्री पॉइंटर. शिवाय ८ फ्री थ्रोंपैकी ६ टाकले. त्याचे गुण १७. साध्या फील्ड गोल टक्केवारीत सात नंबर ४१.७ आणि अकरा नंबर ४०, म्हणजे येथेही सात नंबरच पुढे. थ्री पॉइंटरची दुरुस्ती केली की सात नंबर ४१.७ वरच राहतो आणि अकरा नंबर ५५ वर जातो. फ्री थ्रो धरले की सात नंबर अजूनही ४१.७ आणि अकरा नंबर ६२.९. एकाने २० गुणांसाठी संघाच्या २४ संधी वापरल्या, दुसऱ्याने १७ गुणांसाठी साडेतेरा. ढाल अर्थातच सात नंबरला मिळते. याबद्दल एकदा एका ज्येष्ठ संयोजकांशी, ज्यांना सगळे नाना म्हणतात, माझे बोलणे झाले, तेव्हा ते म्हणाले, “सर, पोऱ्याने वीस पॉइंट काढले, अजून काय काढायला पाहिजे त्याने?” सात नंबरकडून काही काढायचे राहिलेले नाही हे मलाही मान्य होते. त्याने सोडायला हवे होते असे दहाएक शॉट होते, पण ते दाखवायला कागदावर काही नसल्याने मी गप्प बसलो.

टक्केवारी हे नाव येथे थोडे फसवे आहे, हेही सांगायला हवे. कोणी फक्त थ्री पॉइंटर मारले आणि एकही हुकवला नाही तर त्याची ट्रू शूटिंग टक्केवारी १५० येते. म्हणून वर्गात आणि मैदानावर मी त्या आकड्याला दुपटीने वाढवून शंभराने भागतो आणि ‘दर संधीमागे गुण’ असे सांगतो. मुलांना ते चटकन समजते, कारण एकापेक्षा जास्त की कमी एवढेच पाहायचे असते.

आता एनबीएचे तीन हंगाम याच मापाने पाहू, कारण त्यांचे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत आणि तिघेही खेळाडू आपल्याकडच्या मुलांना भिंतीवरच्या पोस्टरमुळे ओळखीचे आहेत. १९९९-२००० मध्ये शकील ओनीलने १६६५ शॉटपैकी ९५६ आत टाकले, म्हणजे ५७.४ टक्के, ८२४ फ्री थ्रोंपैकी मात्र ४३२ च, म्हणजे ५२.४ टक्के. २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने १५९८ पैकी ८०५ शॉट टाकले, त्यात तब्बल ४०२ थ्री पॉइंटर, आणि ४०० फ्री थ्रोंपैकी ३६३. २०१८-१९ मध्ये जेम्स हार्डनने १९०९ पैकी ८४३, त्यात ३७८ थ्री पॉइंटर, आणि ८५८ फ्री थ्रोंपैकी ७५४. साध्या टक्केवारीत शकील ५७.४, करी ५०.४ आणि हार्डन ४४.२ अशी उतरंड लागते. ट्रू शूटिंगमध्ये करी ६६.९ वर जाऊन बसतो, हार्डन ६१.६ वर येतो आणि शकील ५७.८ वरच थांबतो. दर संधीमागे गुण म्हणाल तर अनुक्रमे १.३४, १.२३ आणि १.१६. जो हार्डन जुन्या मापाने सामान्य नेमबाज ठरला असता, तो सात-आठशे फ्री थ्रो आणि पावणेचारशे थ्री पॉइंटर हिशेबात घेतल्यावर त्या हंगामातला सर्वाधिक गुण मिळवणारा आणि तरीही काटकसरीने खेळणारा खेळाडू ठरतो.

शकीलचा आकडा मात्र येथेच सोडून देऊ नये. प्रतिस्पर्धी संघ त्याला मुद्दाम फाउल करत, आणि या डावपेचाला ‘हॅक-अ-शॅक’ असे नावच पडले होते. त्याचा हिशेब वरच्या आकड्यांतून मांडता येतो. त्याला शॉट मारू दिला तर सरासरी १.१५ गुण, दोन फ्री थ्रोंवर पाठवले तर १.०५ गुण. म्हणजे फाउल करून दर वेळी जेमतेम एका गुणाचा दहावा हिस्सा वाचायचा, आणि त्यासाठी खेळाडूचा एक फाउल खर्ची पडायचा. मोठमोठ्या प्रशिक्षकांनी ज्याच्यावर सामने टांगले तो डावपेच इतक्या बारीक नफ्याचा होता. शकीलच्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाने त्या वर्षी अजिंक्यपद जिंकले, हे येथे नमूद करतो.

शिवाय काळ बदलला की लीगची सरासरीही बदलते. १९९९-२००० मध्ये साऱ्या एनबीएची ट्रू शूटिंग टक्केवारी ५२ च्या आसपास होती, बचाव कडक होता आणि थ्री पॉइंटर कमी होते. २०१८-१९ मध्ये ती ५६ च्या घरात गेली होती. शकील त्याच्या काळाच्या सरासरीपेक्षा साधारण साडेपाच टक्के वर, आणि हार्डन त्याच्या काळाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ तितकाच वर. दोन पिढ्यांची तुलना करायची असेल तर हे अंतर पाहावे, नुसता आकडा पाहू नये. हीच गोष्ट दोन मैदानांनाही लागू होते.

मैदानांचा मुद्दा खानदेशात फार महत्त्वाचा आहे. येथले बहुतेक शालेय सामने उघड्यावर, सिमेंटच्या कोर्टवर होतात. उन्हामुळे एक तर सकाळी लवकर किंवा चारनंतर खेळावे लागते, आणि संध्याकाळी वारा सुटला की साडेसहा मीटरहून लांब अंतरावरून मारलेला रबरी चेंडू हवेतच दिशा बदलताना दिसतो. रिंगला नेट क्वचित असते. नेट नसले की चेंडू रिंगमधून स्वच्छ गेला की रिंगला वरवर घासून मागून पडला, हे टेबलावरून नेहमी कळतेच असे नाही. पंचांच्या हाताकडे पाहून पेन चालवावा लागतो. तीन गुणांची रेषा अनेकदा फक्कीने मारलेली असते आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ती बुटांखाली पुसली जाते, मग कोपऱ्यातला शॉट दोनचा की तीनचा, यावर दोन्ही बाकांवरून आरडाओरडा होतो. अशा नोंदीत आधीच थोडी चूक मिसळलेली असते, आणि ती मुख्यतः थ्री पॉइंटरमध्ये असते, हे विसरून दशांश चिन्हापुढचे आकडे मिरवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच मोबाईलवर करीचे व्हिडिओ पाहून आलेल्या मुलाला ‘तीनच मारत जा, गणित तेच सांगते’ असे कोणी सांगितले तर मला ते पटत नाही. गणित एवढेच सांगते की लांबून शॉट मारणे परवडण्यासाठी तेथला टक्का जवळच्या टक्क्याच्या दोन तृतीयांश तरी असावा. जो मुलगा जवळून ४५ टक्के टाकतो त्याला लांबून निदान ३० टक्के टाकता आले पाहिजेत. आमच्या उघड्या मैदानावर, वाऱ्यात, हा टक्का ज्यांना गाठता येतो अशी मुले मोजकी आहेत. याउलट ले-अप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट, आणि फ्री थ्रो यांत मिळणारा नफा जवळजवळ प्रत्येकाच्या आवाक्यातला असतो. निम्मे फ्री थ्रो टाकणाऱ्यालासुद्धा दोन फ्री थ्रोंतून सरासरी एक गुण मिळतो, आणि शालेय सामन्यात दर संधीमागे एक गुण काढणारा संघ सहसा हरत नाही. मुलींच्या सामन्यांत तर थ्री पॉइंटर इतके थोडे असतात की साधी आणि दुरुस्त टक्केवारी जवळपास एकच येते, आणि दोन खेळाडूंतला खरा फरक फ्री थ्रोच्या रेषेवरच दिसतो. तरीही सरावात फ्री थ्रोला सर्वांत कमी वेळ मिळतो, आणि तोही मुले दमल्यावर, पाणी पिता पिता.

कार्यक्षमतेचा आकडा खेळाडूची संपूर्ण किंमत सांगतो असे मात्र कोणी समजू नये. ज्याचे काम फक्त रिंगखाली उभे राहून आयता आलेला चेंडू आत ठेवण्याचे आहे त्याचा टक्का नेहमीच देखणा दिसणार. शॉट मारण्यासाठी मिळालेले चोवीस सेकंद संपत आले, कोणालाच जागा मिळाली नाही, आणि शेवटी चेंडू ज्याच्या हातात कोंबला जातो त्याचा टक्का खालावणार, आणि त्यात त्याचा दोष नसतो. कोबी ब्रायंटने २००५-०६ च्या हंगामात सामन्यामागे ३५.४ गुण काढले तेव्हा त्याची ट्रू शूटिंग टक्केवारी ५५.९ होती. लीगच्या सरासरीपेक्षा थोडी वर, डोळे दिपवणारी मुळीच नाही. पण इतक्या संधी अंगावर घेऊनही सरासरीच्या वर राहणे आणि मोजके, सोपे शॉट घेऊन वर राहणे यांत फरक आहे. त्याच हंगामात, २२ जानेवारी २००६ रोजी, त्याने टोरांटोविरुद्ध ८१ गुण काढले ते ४६ पैकी २८ शॉट आणि २० पैकी १८ फ्री थ्रो टाकून. त्या रात्रीची ट्रू शूटिंग टक्केवारी ७३.९ येते. चेंडू हातातून गमावणे, म्हणजे टर्नओव्हर, हाही या कोणत्याच मापात येत नाही. सामने कशावर जिंकले जातात याचे बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी चार घटक मांडले आणि त्यांना अंदाजे वजने दिली: नेमबाजी ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पटकावणे) २० आणि फ्री थ्रो १५. नेमबाजी सर्वांत मोठी असली तरी निम्मीसुद्धा नाही.

राहिला प्रश्न किती शॉटनंतर आकड्यावर विश्वास ठेवायचा. संख्याशास्त्राच्या शिक्षकाला याच ठिकाणी थोडे कडक व्हावे लागते. समजा एखादा मुलगा मुळात ३० टक्क्यांचा नेमबाज आहे. त्याने १० थ्री पॉइंटर मारले तर त्यातले ६ किंवा त्याहून जास्त आत जाण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या जरा खाली आहे. ऐकायला ती कमी वाटते. पण स्पर्धेत अशी वीस मुले असतील आणि प्रत्येकाने दहा शॉट मारले, तर त्यातल्या एखाद्याने सहा टाकणे हे केवळ नशिबाने घडेल असे धरून चालावे लागते. मग त्याच मुलाभोवती सगळे जमतात, ‘भो, काय हात बसला आहे याचा’ असे म्हणतात आणि पुढच्या सामन्यात चेंडू त्याच्याकडे जात राहतो. शंभर शॉटनंतरसुद्धा ३० टक्क्यांच्या आकड्यात दोन्ही बाजूंना नऊ टक्क्यांची ढिलाई असते; चारशे शॉटनंतर ती साडेचारवर येते. आमच्या मुलांचे अख्ख्या हंगामात चारशे थ्री पॉइंटर होत नाहीत.

प्रत्येक वाईट दिवसाचे खापर नशिबावर फोडणे हेही तितकेच चूक आहे. २८ मे २०१८ रोजी एनबीएच्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सने ४४ थ्री पॉइंटर मारले, फक्त ७ आत गेले, आणि मध्यंतरी सलग २७ हुकले. हंगामभर हा संघ ३६ टक्के टाकत होता, म्हणजे ४४ पैकी १६ अपेक्षित होते, आणि नशिबाच्या हेलकाव्याने साधारण १० ते २२ पर्यंत काहीही चालले असते. सात हा आकडा त्या पट्ट्याच्या बाहेर पडतो. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्सचा बचाव होता, रॉकेट्सचा ख्रिस पॉल जखमी होऊन बाहेर बसला होता आणि उरलेल्यांचे पाय थकले होते. नशीब होतेच, पण एकटे नशीब इतके करत नाही.

थोड्या शॉटवरून निष्कर्ष काढावाच लागतो तेव्हा एक जुनी युक्ती कामाला येते. प्रत्येकाच्या खात्यात सरासरी दर्जाचे काही शॉट आधीच जमा धरायचे. समजा सरासरी ३० टक्के आहे आणि आपण प्रत्येकाला १०० शॉटपैकी ३० आत असे आगाऊ दिले. १० पैकी ६ टाकणारा मग ११० पैकी ३६ वर येतो, म्हणजे ३२.७ टक्के, १२० पैकी ४५ टाकणारा २२० पैकी ७५ वर, म्हणजे ३४.१ टक्के. शेवटच्या मिनिटाला चेंडू दुसऱ्याकडे जावा. पण आगाऊ शॉट १०० ऐवजी ३० च धरले, त्यातले ९ आत, तर पहिला ४० पैकी १५ म्हणजे ३७.५ आणि दुसरा १५० पैकी ५४ म्हणजे ३६, आणि क्रम चक्क उलटतो. आगाऊ शॉट किती द्यायचे हे खेळाडू-खेळाडूंतला मूळचा फरक किती मोठा आहे त्यावर ठरते. व्यावसायिक लीगमध्ये सगळेच गाळून आलेले असतात, फरक लहान असतो आणि आगाऊ शॉट भरपूर द्यावे लागतात. शालेय स्पर्धेत एकीकडे रोज दोन तास सराव करणारा आणि दुसरीकडे क्रीडाशिक्षकांनी संघ पूर्ण करण्यासाठी आदल्या दिवशी धरून आणलेला, असे दोघे एकाच कोर्टवर असतात, त्यामुळे शंभर हा आकडा येथे गरजेपेक्षा जास्त ठरतो असा माझा अंदाज आहे. तो तपासता येतो. प्रत्येक खेळाडूचे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम क्रमांकाचे शॉट एका बाजूला आणि सम क्रमांकाचे दुसऱ्या बाजूला काढायचे, दोन्हींच्या टक्केवाऱ्या एकमेकींशी किती जुळतात ते पाहायचे. जितक्या जास्त जुळतील तितके आगाऊ शॉट कमी. त्यासाठी प्रत्येक शॉट क्रमाने लिहिलेला हवा. म्हणून यंदा टेबलावर मी शेजारी एक दुसरी वही ठेवली आहे आणि तिच्यात लिहायला अकरावीची दोन मुले बसवली आहेत: एक शॉट पाहून मोठ्याने क्रमांक आणि जागा सांगतो, दुसरा फुली किंवा गोल करतो. दिवाळीनंतरच्या विभागीय फेरीपर्यंत हे गणित मांडण्याइतके शॉट त्या वहीत जमावेत.